तारखेखाली सही कोणाची?

प्रति,
मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग क्र. 66, त्यासाठी दिलेल्या तारखा आणि त्यांची जबाबदारी

महोदय,

खड्ड्यांविषयीचे अर्ज, निवेदने आणि फोटो आपल्या कार्यालयांत पोत्याने आले असतील, म्हणून त्यांत भर घालत नाही. मला विचारायचे आहे ते आपण आणि आपल्याआधी त्याच खुर्च्यांवर बसलेल्यांनी दिलेल्या तारखांविषयी. पत्र दोघांना मिळून एकच लिहिले आहे, कारण वेगवेगळे लिहिले तर प्रत्येकाकडून ‘हा भाग आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे उत्तर येते, हा कोकणातल्या माणसाचा जुना अनुभव आहे.

पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम 2011 साली सुरू झाले आणि ते 2014 मध्ये संपायचे होते. अंतर अवघे 84 किलोमीटर. तेव्हा पहिली-दुसरीत जाणारी मुले आता पदवी घेऊन नोकऱ्या शोधायला याच रस्त्याने मुंबईला जात आहेत. मधल्या काळात न्यायालयात तारखा दिल्या गेल्या, सभागृहांत दिल्या गेल्या, गणपतीच्या तोंडावर काढलेल्या पाहणी दौऱ्यांत, टीव्हीच्या माइकसमोर दिल्या गेल्या. डिसेंबर 2023 सांगितली होती. ती टळली. एप्रिल 2025 मध्ये दादरच्या जाहीर कार्यक्रमात ‘येत्या जूनपर्यंत’ असे ऐकले. तो जून आला, पाऊस घेऊन आला, आणि गेला. मग मुदत 2026 मध्ये सरकली. यातली कोणतीही तारीख विरोधकांनी किंवा पत्रकारांनी ठरवलेली नव्हती. सगळ्या आपल्याच बाजूने आल्या होत्या, बहुतेक तर न मागता आल्या होत्या.

मंत्र्याने जाहीरपणे उच्चारलेल्या तारखेवर माणसे आपले व्यवहार बेततात, याची आपल्याला कल्पना आहे ना? कोणी चौपदरी रस्ता होणार म्हणून कर्ज काढून हॉटेल बांधतो. कोणी बायपास होणार म्हणून बाजारपेठेतला गाळा विकून टाकतो. आंबा बागायतदाराची पेटी रत्नागिरी-देवगडहून संध्याकाळी निघते ती पहाटे वाशीच्या मार्केटला लिलावात उभी राहावी म्हणून. माणगावात गाडी तीन तास अडली की दुपारचा भाव पदरात पडतो. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर पेशंट तपासतात आणि नातेवाइकांना बाजूला घेऊन ‘मुंबईला हलवा’ म्हणतात, तेव्हा हलवायचे ते याच रस्त्याने. त्या वेळी अॅम्ब्युलन्समध्ये सलाइनची बाटली हातात धरून बसलेल्या माणसाला ‘भूसंपादनातील अडचणी’ हे शब्द कसे ऐकू येत असतील?

कारणे आम्हाला पाठ आहेत. कर्नाळा अभयारण्याची परवानगी, वनखाते, भूसंपादन, कोर्टकज्जे, मोबदल्यावरून भावाभावांतली भांडणे, ठेकेदाराची आर्थिक कोंडी, पाऊस. यातले एकही कारण खोटे नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण यातले एकही कारण नवे आहे का? कोकणात पाऊस जूनमध्ये पडतो. इथल्या सातबाऱ्यावर पणजोबाच्या भावंडांपासून मुंबईतल्या चुलत्यांपर्यंत पन्नास नावे असतात आणि त्यातली चार माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, हे तलाठ्याच्या शिपायालाही ठाऊक असते. मग 2011 मध्ये ज्यांनी तीन वर्षांची मुदत लिहिली, त्यांना हे ठाऊक नव्हते? की ठाऊक असून लिहिली? दोन्ही उत्तरांतून एखाद्या अधिकाऱ्यावर काही जबाबदारी येते. ती आजवर कोणावर आली?

याच मातीत, याच पावसात, याच भावकीतून कोकण रेल्वे गेली. नाथ पै आणि मधू दंडवते यांनी संसदेत ज्या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला, तिच्यासाठी 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे ते सोपवले गेले. जानेवारी 1998 मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावू लागली. नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात लहानमोठे पूल, चाळीस हजारांहून अधिक खातेदारांची जमीन. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्यांनाही पाच वर्षांत काम संपवायचे होते आणि ते जमले नाही. गोव्यात मार्ग बदलण्यावरून आंदोलने झाली, पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली, पैसे अपुरे पडले म्हणून रोखे काढावे लागले. उशीर त्यांनाही झालाच. फरक एवढाच की तेव्हा ‘काय अडले आहे?’ असे विचारायला एक माणूस होता आणि उत्तर देण्याचे काम त्याचेच होते. वृत्तपत्रे त्याला विचारत, खासदार त्याला विचारत, आणि तो सांगत असे.

आता या महामार्गाचे पाहा. एकूण 471 किलोमीटर. त्यातले पनवेल ते इंदापूर 84 किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, म्हणजे दिल्लीकडे. इंदापूर ते झाराप 366 किलोमीटर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे, तेही दहा पॅकेजांत कापलेले. उरलेला झाराप ते पत्रादेवीचा तुकडा आधीच झालेला. पैसा केंद्राचा, देखरेख राज्याची, जमीन महसूल खात्याने घ्यायची, झाडांसाठी वनखात्याकडे जायचे, काम ठेकेदाराचे, ठेकेदाराच्या हाताखाली पोटठेकेदार, आणि त्या सगळ्यांवर लक्ष ठेवायला पैसे देऊन नेमलेली सल्लागार कंपनी. हे कामाचे वाटप आहे की दोषाचे? कारण काम रखडले की यातला प्रत्येक जण शेजारच्याकडे बोट दाखवतो आणि कागदोपत्री प्रत्येकाचे बरोबर असते.

सिंधुदुर्गातला खारेपाटण ते झाराप हा भाग मात्र वेळेच्या आसपास पुरा झाला. तिथून पुढे गाडी झुळझुळ चालते. तिथे घाट थोडे कमी आहेत, हे खरे. पण तिथेही पाऊस तोच आहे, कायदाही तोच आणि खातेही तेच आहे. मग संगमेश्वर-लांज्याच्या माणसाने काय पाप केले? आरवली ते वाकेड या पट्ट्यात ठेकेदार ढिम्म आहेत हे दिसत असताना त्यांना किती नोटिसा गेल्या, किती दंड झाला, किती वसूल झाला, हा तपशील आपण स्वतःहून कधी प्रसिद्ध केला आहे का? तिथल्या पुलांच्या खांबांवर सळया उघड्या राहून गंजल्या आणि पावसाळ्यात त्यांवर वेली चढल्या. खाली पेव्हर ब्लॉक बसवून केलेले ‘तात्पुरते’ डायव्हर्जन इतके जुने झाले की त्याच्या कडेला चहाच्या टपऱ्यांनी पक्के पत्रे घातले. टपरीवाल्याला निदान हे कळले होते की काम लवकर होणार नाही. आपल्या खात्याला कळले नाही?

सावित्री नदीचा पूल आपल्याला आठवत असेलच. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, महाडजवळचा 1928 सालचा दगडी पूल, राजापूर-बोरिवली आणि जयगड-मुंबई अशा दोन एसटी आणि काही खासगी वाहने. पूल वाहून गेला, चाळीसच्या आसपास माणसे गेली, काहींचे मृतदेहही मिळाले नाहीत. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारतर्फेच सांगण्यात आले. तपासणी म्हणजे काय केले होते? पाण्याखालचा पाया कोणी पाहिला होता का? तपासणीच्या कागदावर ज्यांची सही होती त्यांना पुढे कोणी काय विचारले? निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या चौकशीतून जबाबदारी नेमक्या कोणत्या पदावर ठेवली गेली, हे गेलेल्या प्रवाशांच्या घरी आपल्याकडून कोणी जाऊन सांगितले का?

त्या रात्री पुलाजवळच्या गॅरेजमध्ये काम करणारा एक परप्रांतीय मेकॅनिक होता. गाडी अंधारात जाऊन दिसेनाशी झाली हे त्याच्या ध्यानात आले. तो भर पावसात रस्त्यावर धावला, मागून येणाऱ्या गाड्या अडवल्या, लोकांना सावध केले. रस्ता त्याच्या अखत्यारीत नव्हता. त्याला तसा शासननिर्णय मिळालेला नव्हता, आणि कोणत्याही पॅकेजच्या करारात त्याचे नाव नव्हते. आणखी किती माणसे त्याच्यामुळे वाचली, हे मोजता येत नाही. सार्वजनिक जीवनातल्या जबाबदारीवर भाषण करण्याची वेळ आपल्यावर नेहमी येते, म्हणून हा दाखला जवळ असू द्यावा.

आणि त्याच सावित्रीवर नवा पूल किती दिवसांत झाला? 165 दिवसांत. सहा महिन्यांत करू म्हणून शब्द दिला गेला होता. तो मुदतीआधीच पाळला गेला आणि 5 जून 2017 रोजी पुलाचे उद्‌घाटन झाले. या कामाबद्दल आपल्या अभियंत्यांचे मनापासून कौतुक आहे. पण हाच पूल आपल्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावाही आहे. जमत नाही असे नाही, हे त्याने सिद्ध केले. 2015 मध्ये घोषणा झालेला 701 किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासह खुला झाला, त्यानेही तेच सिद्ध केले. तिथेही शेतकरी होते, विरोध होता, अभयारण्ये होती, कसारा घाटातला बोगदा होता. मग कोकणच्या वाट्याला वेगळे माप का? आपल्याला एखादे काम तातडीचे वाटावे, यासाठी आधी पूल वाहून जावा लागतो का?

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर 16 ऑक्टोबर 2023 रोजी बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल भरदिवसा कोसळला. गर्डर खाली आले, मागोमाग ते उचलणारी यंत्रणाही आली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. खाली नेहमीची गर्दी असती तर? त्यानंतर आराखडा बदलला, दोन खांबांमधले अंतर कमी करायचे ठरले, म्हणजे मूळ आराखड्यातच गडबड होती हे आपण कृतीने मान्य केले. आराखडा कोणी केला होता, तो कोणी मंजूर केला होता, आणि ती माणसे आज कोणता पूल मंजूर करीत आहेत? शेवटचा प्रश्न मी उपरोधाने विचारत नाही. चिपळूणच्या लोकांना त्या पुलाखालून रोज जायचे आहे.

आता कायद्याचे बोलू. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ‘आपली सेवा आमचे कर्तव्य’ हे त्याचे ब्रीद प्रत्येक तहसील कचेरीत लागलेले असते. एखाद्या कर्मचाऱ्याने ठरलेल्या मुदतीत दाखला दिला नाही आणि सबळ कारणही दिले नाही, तर त्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याच्याही आधीचा, 2005 चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. कोणत्याही टेबलावर फाइल साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहता कामा नये, असे तो सांगतो. म्हणजे उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवस लांबला तर तलाठ्याच्या पातळीवरच्या माणसाच्या पगाराला हात लागू शकतो. महामार्गाचे काम पंधरा वर्षे चालूच राहिले तर कोणाच्या पगाराला हात लागतो? खालच्या पायरीवरच्या माणसासाठी आपण मुदत लिहिली, दंड लिहिला, अपील लिहिले. वर चढत गेले की आधी दंड नाहीसा होतो, मग मुदत, आणि सर्वांत वरच्या पायरीवर फक्त ‘प्रयत्नशील आहोत’ एवढेच उरते.

आपण म्हणाल, आम्ही सभागृहाला उत्तर देतो. बरोबर आहे. संसदेत शासकीय आश्वासनांची समिती आहे, विधिमंडळातही आहे. मंत्र्याने सभागृहात ‘करू’ म्हटले की ते नोंदले जाते आणि तीन महिन्यांत पुरे व्हावे अशी अपेक्षा असते. आश्वासन पुरे होत नसेल तर मुदतवाढ मागावी लागते आणि कारण द्यावे लागते. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना मंत्र्यांचा स्वभाव चांगला माहीत असावा. या महामार्गाबद्दल दोन्ही सभागृहांत दिलेली आश्वासने या समित्यांच्या वहीत कोठे आहेत? पूर्ण, प्रलंबित की वगळलेली? आणि जी आश्वासने सभागृहाबाहेर, मंडपात, दौऱ्यावर दिली गेली, ती तर कोणत्याच वहीत नाहीत. ती फक्त आमच्या लक्षात आहेत.

दरवर्षी श्रावण लागला की आमच्याकडे एक हंगाम सुरू होतो. मंत्री रस्त्यावर उतरून पाहणी करतात. ‘गणपतीपूर्वी एक लेन’ अशी घोषणा होते. रात्री दिवे लावून खड्ड्यांत खडी आणि डांबर पडते, पहिल्या सरीत ते वाहून जाते. अवजड वाहनांना काही दिवस बंदी होते. गणपतीला जाणाऱ्यांना टोलमाफीचे पास मिळतात. पाससाठी रांग लावणाऱ्या माणसाने आभार मानावेत अशी अपेक्षाही असते. कशेडीचा बोगदा 2023 मध्ये असाच ऐन गणपतीत एका बाजूने खुला केला गेला. सोय झाली, नाकारत नाही. पण राष्ट्रीय महामार्ग हा वर्षातले अकरा महिने विसरायचा आणि बाराव्या महिन्यात आठवायचा विषय आहे का? शिमग्याला येणारा माणूस, मे महिन्यात मुलांना आजोळी आणणारी आई, आठवड्याला दोन खेपा मारणारा ट्रक ड्रायव्हर, यांचा कोणता सण आहे म्हणजे त्यांच्यासाठी खड्डे बुजतील?

आमच्यातल्यांनाही मी सोडत नाही. ज्यांनी या रस्त्यावर निवडणुका लढवल्या आणि जिंकल्या, ते आमदार-खासदार कोकणचेच आहेत. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, युत्या तुटल्या नि जुळल्या. या पंधरा वर्षांत सत्तेत बसला नाही असा मोठा पक्ष शोधून सापडायचा नाही. म्हणून ‘आधीच्या सरकारमुळे’ हे उत्तर आता कोणालाच शोभत नाही. कोकणातल्या पत्रकारांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. चिपळूणच्या एका वकिलाने उच्च न्यायालयात जनहित याचिका लावून धरली आणि त्यामुळे निदान शपथपत्रावर तारखा आल्या. नागरिकांच्या समित्यांनी उपोषणे केली. सामान्य माणसाने आपल्या वाट्याचे काम केले आहे. न्यायालयात दिलेली मुदतही जिथे हलते, तिथे त्याने आता आणखी कोणते दार ठोठावायचे, हे आपणच सांगावे.

रस्त्याकडेचे वड, पिंपळ, आंबे या कामासाठी गेले. त्यांच्या बदल्यात किती झाडे लावली आणि किती जगली, हाही एक हिशेब द्यायचा राहिला आहे. तूर्त एवढीच आठवण करून देतो.

मी या पत्रातून नवी तारीख मागत नाही. ती कृपया देऊ नये. मागणे वेगळे आहे आणि ते पूर्ण करायला ना भूसंपादन लागते ना वनखात्याची परवानगी. पनवेलपासून झारापपर्यंतच्या प्रत्येक पॅकेजसाठी एक फलक रस्त्यावर, लोकांना वाचता येईल असा, मराठीत लावावा. मूळ मुदत काय होती, किती वेळा वाढवली, प्रत्येक वेळी वाढ कोणत्या हुद्द्यावरच्या कोणत्या अधिकाऱ्याने मंजूर केली, ठेकेदाराला किती दंड लावला आणि त्यातला किती प्रत्यक्ष वसूल केला, हे त्यावर असावे. आज कामाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि कार्यालयाचा दूरध्वनी असावा. तो बदलला तर नाव बदलावे, पण जागा रिकामी राहू नये. सावित्री आणि चिपळूण या दोन्ही दुर्घटनांचे चौकशी अहवाल त्यांवरील कार्यवाहीसह आपल्या संकेतस्थळांवर मराठीत उपलब्ध करावेत. आणि 471 किलोमीटरसाठी, केंद्र-राज्याची सगळी पॅकेजे एकत्र धरून, उत्तर देणारा एकच अधिकारी नेमावा. हे सगळे एका बैठकीत ठरू शकते. फलक रंगवायला आठवडा पुरेल.

एवढे झाल्यावर जी तारीख जाहीर करायची ती करावी. मात्र तिच्याखाली सही असावी. ती कोणाची असेल, तेवढे आपण दोघांनी मिळून ठरवावे आणि आम्हाला कळवावे.

कळावे,
आपला,
मुंबई-गोवा महामार्गावरचा एक रहिवासी व करदाता